मदत हवी आहे: रग्बीत आमचे दोन्ही फ्लँकर एकाच रकमध्ये शिरतात आणि पेनल्टी आमच्याविरुद्ध जाते

थेम्सकाठी

नमस्कार. येत्या रविवारी सामना आहे आणि त्याआधी मंगळवार व गुरुवार असे दोनच सराव हाती आहेत, म्हणून थेट विषयाला येतो. आमचे दोन्ही फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या (पुढच्या खेळाडूंच्या एकत्र बांधलेल्या रेट्याच्या) दोन कडांचे खेळाडू, धावण्यात किंवा जिद्दीत कुठेही कमी नाहीत. परंतु चेंडू जमिनीवर आला की त्यावरच्या झटापटीत, म्हणजे रकमध्ये, दोघेही एकाच वेळी धावतात, बाहेरची बाजू उघडी पडते, आणि एवढे करून पंच आमच्याविरुद्धच शिट्टी वाजवतात. गेल्या सामन्यात अशा सात पेनल्टी गेल्या. फ्लँकरचे काम काय असते, हे मी फळ्यावर आकृत्या काढून तीन वेळा समजावले आहे. कृपया "हळूहळू जमेल" असे सांगू नये. दोन सरावांत करून घेता येईल असे काही असल्यास सांगावे.

नेमकेकाय

मुले किती वर्षांची आहेत? तुम्ही कोणत्या देशात आहात? पेनल्टी कशासाठी मिळाल्या? स्क्रमनंतर लगेच, की खेळ मोकळा झाल्यावर? डॉक्टरांकडे जाऊन नुसते "दुखते आहे" म्हणावे आणि औषधाची घाई करावी, तसा हा प्रश्न झाला आहे.

थेम्सकाठी

चौदा वर्षांखालील मुले आहेत. इंग्लंडमध्ये आहोत, हे नावावरून कळेल असे वाटले होते. गेल्या हंगामापर्यंत आमचा स्क्रम लहान होता आणि त्यात फ्लँकरच नव्हते. यंदा आठ जणांचा झाला. पेनल्टी बहुतेक मोकळ्या खेळातल्या होत्या. त्या कशासाठी, हे पंच खेळाडूंना सांगतात, पण रेषेबाहेर उभे राहून ते ऐकू येत नाही.

नेमकेकाय

ऐकू येत नसले तरी दिसते. पंचांनी हात आडवा धरून बाजूला फिरवला असेल, तर तुमचा खेळाडू रकमध्ये बाजूने शिरला. एखाद्याला मिठीत घेऊन सोडल्यासारखे दोन्ही हात उघडले असतील, तर टॅकल करणाऱ्याने, म्हणजे धरून पाडणाऱ्याने, पडलेल्या खेळाडूला सोडले नाही. हात जमिनीलगत झाडल्यासारखा फिरवला असेल, तर रकमध्ये चेंडू हाताने खेळला गेला. या तिन्हींची औषधे वेगवेगळी आहेत.

थेम्सकाठी

आता आठवून पाहता पहिली खूण चारेक वेळा आणि दुसरी दोनदा तरी होती. एकीचे काही सांगता येत नाही. त्या वेळी मी राखीव खेळाडूच्या बुटाची नाडी बांधत होतो.

चिखलातलाजुना

मी ऐंशीच्या दशकात मुंबईत, आझाद मैदानाला लागून असलेल्या जिमखान्यावर भर पावसाळ्यात फ्लँकर म्हणून खेळलो आहे. आपण मुलांना उगाच घाबरवू नये. टॅकल करावे, झटकन उठावे आणि कोणत्याही बाजूने चेंडू उचलावा. टॅकल करणाऱ्याला तो हक्क असतो. आम्ही वर्षानुवर्षे असेच खेळलो आणि कोणी शिट्टी वाजवली नाही.

दक्षिणबेट

काकांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की तो हक्क आता राहिलेला नाही. तुमच्या काळी नियम तसाच होता, त्यामुळे तुमची आठवण बरोबर आहे. परंतु २०१७ साली सुरू झालेल्या बदलानंतर टॅकल करणाऱ्यालाही उठून आपल्या गोलरेषेच्या बाजूनेच चेंडूवर यावे लागते. तुमचा सल्ला रविवारी अमलात आला, तर सातच्या दहा पेनल्टी होतील.

चिखलातलाजुना

मग टॅकल करणाऱ्याने करायचे तरी काय? पडलेल्या जागी राहून ढग मोजायचे? नियम बदलून बदलून या खेळातला फ्लँकरच संपवत आणला आहे.

केपचावारा

मूळ प्रश्न क्रमांकांच्या गोंधळातून आला असावा, असे मला वाटते. आमच्याकडे दक्षिण आफ्रिकेत ओपनसाइड (मोकळ्या बाजूचा) फ्लँकर ६ क्रमांक घालतो आणि ब्लाइंडसाइड (अरुंद बाजूचा) ७. बाकी बहुतेक ठिकाणी नेमके उलटे असते. म्हणूनच आमच्या संघातल्या सिया कोलिसीच्या पाठीवर ६ आणि पीटर-स्टेफ डू टॉईच्या पाठीवर ७ दिसतो. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आम्ही न्यूझीलंडला १२-११ असे हरवले, तेव्हा याच ७ क्रमांकाने एकट्याने २८ टॅकल केले होते.

दक्षिणबेट

तो सामना मी पाहिला आहे आणि विसरायचा प्रयत्न करतो आहे. परंतु क्रमांकांबद्दल येथे कोणी विचारलेले नाही.

तांबड्यामातीतून

मी रग्बी खेळलेलो नाही. सांगली जिल्ह्यात शाळेच्या मुलांना कबड्डी शिकवतो. धागाकर्त्यांना एवढेच सुचवतो की मुलांना आधी घोट्याची आणि मांडीची पकड शिकवावी. पाय एकदा बांधले गेले की अंगाने कितीही दांडगा गडी पुढे जात नाही, आणि एकाने पाय धरल्यावर दुसऱ्याने काय करायचे हे आमच्या मुलांना सांगावेच लागत नाही.

नेमकेकाय

कबड्डीत चढाई करणारा एका श्वासात, मर्यादित जागेत येतो. येथे समोरचा वीस मीटर धावत येऊन आदळतो. डोके चुकीच्या बाजूला राहिले, तर त्याचा गुडघा थेट कानशिलावर बसेल. ही तुलना धोकादायक आहे.

दक्षिणबेट

डोक्याबद्दलची सूचना योग्य आहे: डोके नेहमी समोरच्याच्या शरीराच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या नितंबाला लागलेला, आणि नजर वर असावी. तरीही कबड्डीच्या सरांनी अर्धे उत्तर दिले आहे, असे मी म्हणेन. इंग्लंडमधील स्थानिक खेळात २०२३-२४ च्या हंगामापासून टॅकल छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाखालीच करावे लागते, त्यामुळे खाली वाकून पाय बांधणारा फ्लँकर आता अधिकच उपयोगी ठरतो. फ्लँकरांची जोडी म्हणजे हेच असते: एक जण पाय बांधून समोरच्याला पाडतो, आणि दुसरा, पायांवर उभा राहून, रक तयार होण्याआधी चेंडूवर हात घालतो. रक होण्यापूर्वी हात चेंडूवर पडलेले असतील आणि तो उभा राहिला असेल, तर त्याला हात काढावे लागत नाहीत.

आता दोन सरावांचे सांगतो. मी येथे शाळेच्या संघाबरोबर हेच करतो. चार शंकू ठेवून पडलेल्या खेळाडूच्या उंचीएवढा चौकोन आखावा, एका मुलाला चेंडू घेऊन त्यात झोपवावे, आणि बाकीच्यांना तिरपे, आडवे, मागून असे वेगवेगळ्या दिशांनी धावत आणून आपल्या बाजूच्या दोन शंकूंमधूनच आत येऊ द्यावे. तिरपा धावणारा मुलगा अखेरच्या तीन पावलांत वळण घेऊन सरळ होतो की नाही, एवढेच पाहावे. तुमच्या चार पेनल्टी त्या तीन पावलांत आहेत. टॅकल करणाऱ्याने चेंडूला हात लावण्याआधी दोन्ही तळवे उघडे करून पंचांना दिसतील असे धरावेत. हे नाटकी वाटते, पण सोडल्याचा पुरावा पंचांना दुरूनही दिसतो.

दोघे एकत्र धावतात, त्यावर फळ्यावरची आकृती चालणार नाही, कारण सामन्यात आकृती हलत असते. जवळचा फ्लँकर एकच ठरलेली हाक देईल आणि ती ऐकताच दुसरा, कितीही मोह झाला तरी, शेजारच्या बचावपटूच्या बाहेर जाऊन उभा राहील, असे ठरवावे. हाक देणाऱ्यानेही चेंडूवर समोरचे किती जण आहेत हे मोजायचे: कोणी नसेल तर जायचे, एक असेल तर अंदाज घ्यायचा, दोघे पोहोचले असतील तर तो चेंडू सोडून रांगेत उभे राहायचे. न्यूझीलंडचा फ्लँकर रिची मॅकॉ १४८ कसोटी सामने खेळला. प्रत्येक रकमध्ये डोके घातले असते, तर त्याच्या शरीराने ते सोसले नसते. पाच विरुद्ध पाच असा लहान खेळ लावून चेंडू हिसकावल्यास एक गुण द्यावा आणि दोन्ही फ्लँकर एकाच रकमध्ये सापडल्यास दोन गुण कापावेत. मुले आकृतीपेक्षा गुणांना लवकर जुमानतात.

चिखलातलाजुना

हे पटले. फक्त समोरच्याला चेंडूवरून हटवण्याचेही शिकवावे. आम्ही त्याला कवेत घेऊन जमिनीवर लोळवत असू.

दक्षिणबेट

ते १ जुलै २०२४ पासून बंद आहे, काका.

पुष्टीकर

चौदा वर्षांच्या फ्लँकरचे वजन किती असावे, याचा कोणी विचार केलेला दिसत नाही. रोज भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ द्यावा. माझा पुतण्या जलतरणात जिल्हा पातळीवर गेला.

केपचावारा

मला एक विचारायचे आहे. ओपनसाइड-ब्लाइंडसाइड ही विभागणी या वयात हवीच का? एकाला कायम डावीकडे आणि दुसऱ्याला कायम उजवीकडे ठेवले, तर कुठे उभे राहायचे हा गोंधळ तरी मिटेल.

नेमकेकाय

गोंधळ मिटेल, पण प्रत्येकाला कधी मोकळी बाजू तर कधी अरुंद बाजू सांभाळावी लागेल. स्क्रममधून चेंडू समोरच्यांच्या फ्लाय हाफकडे (चाली रचणाऱ्या खेळाडूकडे) गेला, तर मोकळ्या बाजूच्या फ्लँकरने थेट त्याच्यावर न धावता त्याच्या आतल्या खांद्याच्या रोखाने धावायचे असते, म्हणजे आत दिलेला पास बंद होतो. अरुंद बाजूचा फ्लँकर मात्र चेंडू परत आपल्या बाजूला येणार नाही, याची खात्री होईपर्यंत जागा सोडत नाही. चेंडू बाहेर पडेपर्यंत दोघांनीही स्क्रमला बांधलेलेच राहायचे. माझ्या मते या वयात दोन्ही कामे दोघांनाही यावीत. क्रमांक नंतर वाटता येतील.

थेम्सकाठी

सर्वांचे आभार. शंकूंचा सराव दोन्ही दिवशी केला, तळवे दाखवण्यावर मुले आधी खूप हसली. रविवारी आम्ही हरलो, पण अशा पेनल्टी दोनच गेल्या आणि दोन्ही खुणा मी नीट पाहिल्या. पहिल्या अर्ध्या खेळात हाकही व्यवस्थित चालली. उत्तरार्धात मात्र एक फ्लँकर हाक ऐकूनही पुन्हा पुन्हा दुसऱ्याच्या मागोमाग रकमध्ये जात राहिला. त्याला बाहेर काढावे, तर राखीव मुलगा घोटा मुरगळून बसला होता.

नेमकेकाय

सरावात तो हाक ऐकतो का? की फक्त सामन्यात ऐकत नाही?

थेम्सकाठी

सरावात ऐकतो. इतर कोणी सांगितले तर सामन्यातही ऐकतो. तो माझा मुलगा आहे. हे आधी लिहायला हवे होते.

दक्षिणबेट

मग पुढच्या रविवारी त्याला सूचना देण्याचे काम तुमच्या सहप्रशिक्षकाकडे सोपवावे, आणि तुम्ही रेषेच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून प्रत्येक रकमध्ये कोण आधी पोहोचतो, एवढेच कागदावर मांडावे. तुमचा मुलगा ओपनसाइडला खेळतो की ब्लाइंडसाइडला?

थेम्सकाठी

७ क्रमांक घालतो.

केपचावारा

म्हणजे कोणत्या देशातला ७?