सासऱ्यांचा आर्मी डिस्चार्ज आता बदलून घेता येतो का? (ते हयात नाहीत)

ऐरोलीची_सूनबाई:
नमस्कार, सासरे मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९७९ ला भरती आणि १९९१ ला घरी पाठवलं. डिस्चार्ज बुकात आर्मी रूल १३ आणि सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड (यापुढे सेवेची गरज नाही) असं लिहिलंय. झालं काय तर आजेसासरे अंथरुणाला खिळलेले, सासरे रजेवर गावी यायचे आणि उशिरा परत जायचे, असं करत चार रेड इंक एन्ट्री (लाल शाईने होणारी शिक्षेची नोंद) झाल्या. पेन्शन नाही. मागच्या वर्षी सासरे गेले. आता सासूबाईंनी धरून ठेवलंय की त्यांनी काही चोरी केली नव्हती, मग कागदावर नको झालेला माणूस असं का. भाचा अमेरिकेत असतो, त्याने तिकडचा एक फॉर्म पाठवलाय की वारलेल्या माणसाचाही डिस्चार्ज अपग्रेड होतो. आणि इथे ठाण्यात एक एजंट भेटला तो म्हणतो सगळं वरून करून देतो, आधी पैसे टाका. काय करावं?

हवालदार_निवृत्त_बदलापूर:
ताई, आधी त्या एजंटाचा नंबर ब्लॉक करा. भाच्याचा फॉर्म खोटा नाही पण तो त्यांच्याच फौजेचा, डीडी २९३, तो १५ वर्षांच्या आत भरायचा, त्यापुढे १४९ नंबरचा, आणि तिकडे वारस अर्ज करू शकतात. आपल्याकडे असं अपग्रेडचं बोर्डच नाही. आपल्याकडे डिस्चार्जच्या ऑर्डरलाच आव्हान द्यावं लागतं.
डिस्मिस (बडतर्फ) नाही, डिस्चार्ज आहे हे चांगलं. डिस्मिसलमध्ये पेन्शनचा हक्कच जातो. कॅरेक्टरच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. ग्रॅच्युइटी मिळाली होती का तेही सासूबाईंना विचारा, कारण जवानाला पेन्शनला १५ वर्षं लागतात आणि हे १२ लाच बाहेर पडले.
आणि ते बुक लॅमिनेट करू नका हो!! लोक प्रेमाने करतात आणि मागचे शिक्के वाचता येत नाहीत. पेन्शन नसलेल्यांचे कागद रेकॉर्ड ऑफिस साधारण २५ वर्षांनी नष्ट करतं, लाँग रोल (नावं आणि थोडक्यात नोंदींचं रजिस्टर) तेवढा राहतो. म्हणजे घरातला कागद हाच कदाचित एकमेव.

कोर्टनाका_वकील:
वरच्या काकांचं बरोबर. थोडं कायद्याचं सांगते.
आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल (सैनिकांच्या नोकरीच्या तक्रारींचं न्यायाधिकरण) कायदा २००७ च्या कलम २ मध्ये निवृत्त सैनिकांचे वारसही येतात, त्यामुळे सासूबाई मुंबई खंडपीठात जाऊ शकतात. अर्ज त्यांच्या नावाने करा, सुनेच्या नको.
मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. चार रेड इंक झाल्या म्हणजे आपोआप घरी, असं युनिटमध्ये सगळे धरून चालतात. पण २८ डिसेंबर १९८८ च्या आर्मी हेडक्वार्टरच्या पत्रात आधी चौकशी करा, सेवा किती झाली ते बघा असं आहे, आणि वीरेंद्र कुमार दुबे केसमध्ये २०१५ ला सुप्रीम कोर्टाने तेच उचलून धरलं, त्या माणसाला पेन्शनपात्र सेवा पूर्ण होईपर्यंत नोकरीत धरलं, मागचा पगार मात्र दिला नाही. तुमचा डिस्चार्ज १९९१ चा, म्हणजे हे पत्र लागू. चौकशी झाली होती का, शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस दिली होती का, सगळी केस त्यावर.
अडचण उशिराची. मुदत सहा महिन्यांची असते, उशीर माफ करून घ्यायला कारण द्यावं लागतं. पेन्शन न देणं ही दर महिन्याला नव्याने होणारी चूक म्हणून सुप्रीम कोर्टाच्या तरसेम सिंग निकालाचा (२००८) आधार लोक घेतात, त्यात थकबाकी बहुतेक तीनच वर्षांची. पण समोरचे म्हणणार की डिस्चार्ज एकदाच झाला, तेव्हा का नाही आलात, आणि सासरे स्वतः एवढी वर्षं गप्प का होते. ह्याला तयारी ठेवा, सोपी केस म्हणणार नाही मी.

खारघर_बॉय:
३० वर्षांनंतर काय मिळणार, उगाच म्हातारीला आशा लावू नका असं माझं मत.

हवालदार_निवृत्त_बदलापूर:
@खारघर_बॉय भाऊ, दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरला आशा कसली. माहिती अधिकारात बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाका: शीट रोल (त्यांच्या नोकरीच्या नोंदींचा कागद), रेड इंक एन्ट्रींचे तपशील, चौकशीचे कागद आणि शो कॉज नोटीसची कॉपी. सही सासूबाईंची, सोबत मृत्यूचा दाखला आणि लग्नाचा किंवा नात्याचा पुरावा, नाहीतर परक्या माणसाची माहिती म्हणून नाकारतील. कागद नष्ट केले असतील तर तसं लेखी मागा, ते पण कोर्टात लागतं. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन या, अर्ज नीट लिहायला मदत होते.

ऐरोलीची_सूनबाई:
खूप आभार काका, ताई. कॅरेक्टर गुड आहे, ग्रॅच्युइटीचं सासूबाईंना आठवत नाही पण पासबुक गावच्या पेटीत असेल म्हणतात. मिस्टर म्हणतात सोडून दे, पण पोस्टल ऑर्डर तरी उद्याच घेते. मराठीत अर्ज चालतो का बेळगावला?

कोर्टनाका_वकील:
हिंदी किंवा इंग्रजीत लिहा, लवकर हलतो. नंबर, रँक, युनिट पहिल्या ओळीत. पोचपावती जपून ठेवा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील टाका. आणि पासबुक सापडलं की इथे लिहा, ग्रॅच्युइटी घेतली असेल तर ती वळती होईल, ते अर्जात आधीच सांगितलेलं बरं.