शब्दचर्चा : कलोपचार की कलाचिकित्सा?

प्रश्न : मानसिक आरोग्यावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'आर्ट थेरपी'साठी कलोपचार, कलाचिकित्सा, चित्रोपचार, कलाथेरपी असं सगळंच वाचनात आलंय. कुठला शब्द रुळलाय? आणि जोडप्रश्न : याने खरोखर गुण येतो का? 'उपचार' म्हणायचं तर तेवढं तरी माहीत हवं.

प्रतिसाद : 'कलोपचार' घ्या. मानसोपचार, निसर्गोपचार यांच्या पंगतीत बसतो, संधीही सोपा. 'चित्रोपचार' नको, त्यात माती आणि कोलाज राहून जातात. फक्त एक मेख आहे. आपल्याकडे कला म्हटलं की गाणं-नाचणंही आलं, आणि आर्ट थेरपी म्हणजे फक्त दृश्यकला. संगीत, नृत्य, नाट्य यांच्या थेरपी वेगळ्या. 'दृश्यकलोपचार' बिनचूक होईल, पण म्हणणार कोण!

प्रतिसाद : कलाचिकित्सा तर नकोच. 'उगाच चिकित्सा करत बसू नकोस' असं आपण म्हणतो. तो शब्द वाचून मला समीक्षक आठवतो.

प्रतिसाद : शब्दापेक्षा जोडप्रश्न अवघड आहे. इंग्रजी संज्ञा रूढ केली ती एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने, 1942 मध्ये. क्षयरोगातून उठताना चित्रं काढून त्याला स्वतःला उभारी आली होती. पुढे अमेरिकेत दोन तट पडले. मार्गारेट नाउमबर्ग यांच्या मते चित्र हे मनातलं बाहेर आणायचं साधन, खरा उपचार त्यावरच्या बोलण्यात. एडिथ क्रेमर म्हणायच्या, घडवण्याची क्रियाच उपचार. म्हणजे 'कलेच्या मदतीने उपचार' आणि 'कला हाच उपचार'. आपला 'कलोपचार' हा समास दोन्हीकडे फिरतो, हे सोयीचंही आणि फसवंही.

आता गुण येतो का? मराठीत 'बरं वाटणं' आणि 'बरं होणं' वेगळं आहे, तिथेच खरी गोम आहे. बरं वाटतं, याला थोडा आधार आहे. 2016 मध्ये अमेरिकेत 39 प्रौढांना 45 मिनिटं रंग-माती-कागद दिले, तर सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. नुसतं शांत बसूनही ते उतरलं असतं का, कोण जाणे. बरं होण्याचं उलट उदाहरण म्हणजे ब्रिटनमधली 'मॅटिस' चाचणी. स्किझोफ्रेनियाचे 417 रुग्ण, वर्षभर आठवड्याला एक गटसत्र, निष्कर्ष 2012 मध्ये आले. दोन वर्षांनी पाहिलं तर नेहमीच्या उपचारांपेक्षा लक्षणांत किंवा दैनंदिन कामकाजात फरक नाही. मात्र कित्येक जण एकाही सत्राला फिरकले नव्हते, म्हणून 'पद्धतच कुचकामी' असा निकाल मी तरी देणार नाही. औषधाला पर्याय म्हणून कुणी विकत असेल, तर सरळ नाही म्हणावं.

प्रश्नकर्ती : सत्रात नेमकं करतात काय? चित्रावरून स्वभाव ओळखतात?

प्रतिसाद : नाही हो, ती भविष्यवाल्यांची तऱ्हा. समजा, कुणी मोठ्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात इवलंसं घर काढलं आणि बाकीचा कागद कोरा सोडला. 'छान काढलंय' कुणी म्हणत नाही, की 'हा तुमचा एकटेपणा' असंही नाही. 'या घरात कोण राहतं?' एवढं विचारतात आणि थांबतात. उत्तर काढणाऱ्याने द्यायचं, नसेल द्यायचं तर नाही. जे थेट सांगता येत नाही ते घराबद्दल बोलताना सांगता येतं, अशी त्यामागची कल्पना. यासाठी प्रशिक्षण लागतं. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' हे नाव नोंदणीशिवाय लावताच येत नाही.

प्रश्नकर्ती : मग 'कलोपचार' नक्की, पहिल्यांदा येईल तिथे शेजारी 'आर्ट थेरपी'. पण मूळ लेखकाने मोठ्यांच्या रंगवायच्या वहीलाही हाच शब्द वापरलाय. तिथे 'विरंगुळा' घालू का?

प्रतिसाद : घाला. लेखकाला मात्र आधी कळवा.