प्लेगच्या काळातील जहाजे आणि मुंबई बंदर

(गृहसंकुलातील शेजाऱ्यांची चर्चा; नावाआधी घराचा क्रमांक)

सी-१०३ प्रधान : देशपांडेकाका, मुंबईतील १८९६ च्या प्लेगवरील आपला कालचा संदेश वाचला. हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच साथ पसरलेली होती आणि तिकडून मुंबईला जहाजे येत होती, तर ती बंदराबाहेरच का थोपवली गेली नाहीत?

ए-४०२ देशपांडे : प्रधानताई, जहाज थोपवण्याची पद्धत जुनीच होती, पण तपासणीचा सारा रोख माणसांवर होता. कोणी आजारी आहे का, प्रवासात कोणी दगावले का, याची चौकशी होई. धान्याच्या पोत्यांबरोबर उतरणाऱ्या उंदरांची चौकशी करावी, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसावे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ही साथ ओळखली ती मांडवीत, म्हणजे गोदीलगतच्या गोदामांच्या वस्तीत, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. त्यानंतर मात्र चित्र उलटे झाले आणि मुंबईहून निघणारी जहाजेच जगाला नकोशी झाली.

बी-३०४ सय्यद : त्याची सर्वाधिक झळ हजयात्रेकरूंना बसली, हे काका, आवर्जून नोंदवायला हवे. १८९७ मध्ये सरकारने मुंबईहून होणारी हजची वाहतूकच बंद केली. एरवीही यात्रेकरूंच्या आगबोटींना तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर थांबावे लागे. तुर्की अमलातील हे विलगीकरण केंद्र १८८० नंतरच्या दशकात सुरू झाले. तिथे यात्रेकरूंना उतरवून त्यांचे कपडे व सामान निर्जंतुक करत आणि त्याचे शुल्कही त्यांच्याकडूनच घेत. डेकवरून प्रवास करणाऱ्या गरिबाला हा खर्च आणि तिथला उन्हाळा दोन्ही सोसावे लागत.

सी-१०३ प्रधान : मग मालवाहू जहाजांनाही तोच नियम होता का?

ए-४०२ देशपांडे : नव्हता, आणि माझा खरा आक्षेप तिथेच आहे. मुंबईच्या साथीमुळेच १८९७ च्या आरंभी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तिने जहाजांची बाधित, संशयित आणि निर्दोष अशी वर्गवारी केली आणि प्लेगचा सुप्तकाळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, दहा दिवसांचा धरला. मालाच्या बाबतीत मात्र निर्बंध मुख्यतः चिंध्या, वापरलेले कपडे, कच्ची कातडी अशा ठरावीक वस्तूंपुरते राहिले. व्यापार अडू नये, याची काळजी ब्रिटिश सरकार आधीच्या परिषदांपासून घेत आले होते. यात्रेकरूंची बाजू मांडणारे तिथे कोण होते?

डी-२०२ डॉ. आपटे : काका, आपला आक्षेप मला निम्माच मान्य आहे. दहा दिवसांची मुदत माणसाच्या आजारासाठी वाजवी होती, कारण प्लेगची लक्षणे साधारणतः आठवड्याभरात दिसतात. उणीव होती ती रोगाच्या वाटेच्या ज्ञानात. पिसवांमार्फत प्लेग उंदरांकडून पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत, म्हणजे त्या वेळच्या मुंबई इलाख्यातच, प्रयोगाने दाखवले. पण पुढची काही वर्षे त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. ज्याला रोगाचा वाहकच ठाऊक नाही, तो जहाजाच्या जिन्यावर पहारा बसवणार आणि दोरखंडावरून उंदीर खुशाल उतरणार.

बी-३०४ सय्यद : डॉक्टरसाहेब, अज्ञान सर्वांचे सारखे होते हे खरे, पण त्याचा भार सर्वांवर सारखा नव्हता. यात्रा थांबली, कापूस मात्र जातच राहिला.

डी-२०२ डॉ. आपटे : ते नाकारता येणार नाही. मात्र दृष्टी बदलल्यावर बंदरातील कामही बदलले. १९०३ च्या पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय आरोग्य करारात जहाजावरील उंदरांच्या नाशाला स्थान मिळाले, तळघरात गंधकाचा धूर सोडण्याची यंत्रे आली आणि धक्क्याला बांधलेल्या दोरखंडांवर उंदीर अडवणाऱ्या गोल चकत्या बसू लागल्या. १९२६ च्या कराराने जहाजाला उंदीरमुक्तीचे किंवा त्यातून सूट मिळाल्याचे प्रमाणपत्र बाळगणे भाग पाडले, तेही सहा महिन्यांच्या मुदतीचे. आज जहाजांना मिळणाऱ्या स्वच्छता-प्रमाणपत्राची मुदतही सहा महिन्यांचीच आहे.

सी-१०३ प्रधान : आणि कामरानचे पुढे काय झाले?

बी-३०४ सय्यद : १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, ब्रिटिशांनी ते बेट घेतले, ताई. केंद्र बंद झाले नाही. तेव्हा डच अमलात असलेल्या जावा-सुमात्राकडील यात्रेकरूंमुळे डचांच्या सहकार्याने ते त्यानंतरही चालू राहिले.