चढावर मोटर कुठे बसवलीय ते आधी बघा

बेळगावात शहापूरहून सहा वर्षांच्या मुलीला मागे बसवून कपिलेश्वर पुलाचा चढ चढून रोज शहरात जायला कोणती ई-सायकल घ्यावी, असं ताईंनी विचारलंय. बाकीच्यांनी रेंजचे, म्हणजे एका चार्जमध्ये किती किमी जाते त्याचे, आकडे दिलेत. ताई, रेंज नंतर बघा, आधी मोटर कुठे आहे ते बघा. पेडलपाशी बसवलेली मोटर सायकलचे गियर वापरते, म्हणून हळू चढतानाही दम टिकतो. चाकातल्या मोटरला तो फायदा नाही. लांब चढावर ती तापते. माझी तसलीच आहे. राजहंसगडाच्या चढावर लेक मागे असताना तिने अर्ध्यात जीव टाकला. उतरून ढकलत नेली, पोर सीटला घट्ट धरून बसलेलं. अजून आठवतं.

२५० वॅट आणि ताशी २५ किमीच्या आतल्या गाडीला लायसन्स, नोंदणी लागत नाही, पण ताकदही तेवढीच. म्हणून मुलीला आणि दप्तराला घेऊनच ट्रायल घ्या. पुलाच्या चढावर अर्ध्यात थांबा, परत सुरू करून बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान.

डिस्क ब्रेक दोन्ही चाकांना हवेतच, आपल्याकडचा पाऊस माहितीय ना. आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या, पोरांचे पाय तारांत जातात.