विषय: घटना-दुरुस्ती, ऑनलाइन सभेचं कलम

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

नमस्कार मंडळी,

आपल्या संस्थेच्या घटना-दुरुस्तीच्या मसुद्यात ऑनलाइन सभेचं नवं कलम घातलं आहे. कोविडच्या साथीच्या वर्षी आपण वार्षिक सभा झूमवर घेतली. पण घटनेत गणपूर्तीसाठी ‘प्रत्यक्ष उपस्थित सभासद’ असे शब्द असल्यामुळे ते ठराव ग्राह्य धरायचे की नाही, याचा खल पुढे बरेच महिने चालला. पुन्हा तो घोळ नको. अभिप्राय कळवा.

प्रेषक: काका (माजी अध्यक्ष)

सचिवसाहेब,

कलम हवंच. रोटरीत (समाजसेवा करणाऱ्या क्लबांच्या जागतिक संघटनेत) बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून तिथलं थोडं सांगतो. कोविड आला आणि सेवा-क्लब रातोरात ऑनलाइन झाले, असं सगळीकडे ऐकू येतं. रातोरात काही झालं नव्हतं. रोटरीचे नियम बदलणारी ‘कौन्सिल ऑन लेजिस्लेशन’ दर तीन वर्षांनी बसते. २०१६ च्या बैठकीत तिने दर आठवड्याच्या सभेचं बंधन सैल केलं: महिन्यातून किमान दोन सभा घ्या, आणि त्या समोरासमोर, ऑनलाइन की मिश्र, ते क्लबने ठरवावं. तेव्हा जुन्या लोकांनी भरपूर नाकं मुरडली. हजेरी हा रोटरीचा कणा, तोच मोडला म्हणाले! पण मार्च २०२० मध्ये दारं बंद झाली, तेव्हा एकाही क्लबला सभा घेण्यासाठी नियम वाकवावा लागला नाही. होनोलुलूचं जूनमधलं जागतिक अधिवेशनही ऑनलाइनच झालं.

पैशाचंही तेच. आपत्तीसाठीची अनुदानं रोटरी फाउंडेशनने, म्हणजे रोटरीच्या निधी-संस्थेने, साथीच्या आधीच सुरू केली होती. प्रत्येक डिस्ट्रिक्टला (एका भागातल्या क्लबांच्या गटाला) २५,००० डॉलरपर्यंत मागता येत होते. मास्क आणि रुग्णालयांची उपकरणं घ्यायला त्यांचा उपयोग झाला.

प्रेषक: डॉक्टरताई

काका, सभा ऑनलाइन झाल्या याचं मला फारसं कौतुक नाही, रागावू नका. सभा म्हणजे काम नव्हे. रोटरीचं सगळ्यात मोठं काम पोलिओचं, आणि थेंब काही स्क्रीनवरून पाजता येत नाहीत. मार्च २०२० च्या अखेरीस घरोघरच्या मोहिमा थांबवाव्याच लागल्या. जुलैपासून त्या हळूहळू सुरू झाल्या, पण मधल्या काळात मुलं राहून गेली. त्या वर्षी वन्य पोलिओचे (म्हणजे निसर्गातल्या मूळ विषाणूमुळे होणाऱ्या) पाकिस्तानात ८४ आणि अफगाणिस्तानात ५६ रुग्ण सापडले, आणि लशीतल्या विषाणूपासून उद्भवलेल्या पोलिओचे जगभरात हजाराहून जास्त. क्लबांच्या कौतुकाच्या लेखांत हे आकडे नसतात.

त्याच वर्षी २५ ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग वन्य पोलिओमुक्त जाहीर झाला, हे खरं. पण नायजेरियातले शेवटचे रुग्ण २०१६ चे. म्हणजे साथीच्या वर्षी पदरात पडलेलं यश त्याआधीच्या वर्षांच्या मेहनतीचं होतं.

मला त्या वर्षातलं मोलाचं वाटतं ते वेगळंच. पोलिओसाठी उभी केलेली माणसं आणि यंत्रणा (वस्त्यांचे नकाशे, फोनची केंद्रं, दार वाजवल्यावर ज्यांना लोक ओळखतात असे कार्यकर्ते) कोविडच्या कामाला जुंपता आली. नायजेरियाने हेच २०१४ मध्ये इबोलाच्या वेळी केलं होतं. आपल्याकडे असं काय तयार आहे? एकटे राहणारे ज्येष्ठ सभासद कोण, गाडी घेऊन कोण जाऊ शकतं, औषधं कोण पोचवेल? त्या वर्षी हे सगळं तीन-चार जणांच्या डोक्यात होतं आणि त्यांचेच फोन दिवसभर वाजत होते.

प्रेषक: खजिनदार

ताईंचं म्हणणं पटतं. मात्र मदतीची अशी यादी केली तर तिच्यात पत्ते आणि आजारपणाची माहिती येणार, तेव्हा ती या मेलिंग लिस्टवर फिरता कामा नये. फक्त संमती दिलेल्यांचीच नावं घ्या. आणि मतदान ऑनलाइन होणार असेल तर गुप्त मतदानाचं काय, हे मसुद्यात नाही.

प्रेषक: काका

ताई, रागावतो कशाला, मुद्दा बिनतोड आहे. फक्त एक सांगतो. सभा म्हणजे काम नव्हे हे कबूल, पण आमच्या क्लबात गरजूंना फोन करणारी माणसं सभेतच हात वर करायची. सभा बंद पडलेल्या क्लबांत हात वर करायलाच कुणी उरलं नाही. तेव्हा कलम आणि यादी दोन्ही ठेवा.

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

सर्वांचे आभार. सुधारित मसुदा असा: गणपूर्तीत ऑनलाइन हजेरी धरली जाईल, निवडणुकीचं मतदान गुप्त राहील अशाच पद्धतीने होईल, मदत-यादी संमतीने तयार करून दर वर्षी ताजी केली जाईल आणि ती दोनच सभासदांकडे राहील. हे दोघे कार्यकारिणीबाहेरचे असावेत, म्हणजे निवडणुकीबरोबर यादी हरवणार नाही. डॉक्टरताई, पहिलं नाव तुमचं धरू का? दुसऱ्यासाठी इच्छुकांनी मला वेगळी मेल करावी, ‘रिप्लाय ऑल’ कृपया नको.