शब्दचर्चा : माडावरचा ‘लाल कोळी’, ‘प्रजाती’ आणि ‘यजमान वनस्पती’

प्रश्न : माडाच्या किडींवर टिपण लिहिते आहे. राओइएला इंडिका या रस शोषणाऱ्या सूक्ष्म माइटला ‘लाल कोळी’ म्हणावं का? ती ‘जाती’ की ‘प्रजाती’? आणि ‘यजमान वनस्पती’ हा शब्द चालेल का?

उत्तर : ‘लाल कोळी’ चालेल, पण एकटा नको. वांगी, भेंडी, गुलाबावर जाळी विणणाऱ्या टेट्रानिकस अर्टिसीलाही शेतकरी लाल कोळीच म्हणतात. ती टेट्रानिकिडी कुळातली. तुमची राओइएला टेन्युइपाल्पिडी कुळातली, अंगाने चपटी आणि जाळं न विणणारी. दोन्ही कुळं एकाच अधिकुळात येतात, एवढंच नातं. म्हणून ‘माडावरचा लाल चपटा कोळी’ लिहा. कीटक मात्र म्हणू नका. प्रौढाला आठ पाय असतात, अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा.

‘प्रजाती’बद्दल आग्रहाने सांगतो. मराठी शास्त्रीय लेखनात राओइएला ही प्रजाती (जीनस) आणि इंडिका ही तिच्यातली जाती (स्पीशीज). हिंदीत ‘प्रजाति’ म्हणजे आपली जाती. वर्तमानपत्रांत तो अर्थ शिरलाय, पण वर्गीकरण लिहिताना दोन पायऱ्या एक झाल्या तर वाचक हमखास चुकतो. हर्स्ट या प्राणिशास्त्रज्ञाने 1924 मध्ये कोइमतूरच्या माडाच्या पानांवरून या जातीचं वर्णन केलं, ‘इंडिका’ त्यामुळेच.

दुसरं उत्तर : ‘यजमान’ कृषी लेखनात रुळलाय, तोच ठेवावा. पण तो कोणत्या झाडाला लावायचा हे आधी ठरवा. वाऱ्याने येऊन पानावर पडलेला कोळी दिसला म्हणून ते झाड यजमान ठरत नाही. पानाच्या खालच्या बाजूला अंडी, पिल्लं आणि प्रौढ अशा सगळ्या अवस्था एकत्र सापडल्या, पिढी तिथेच वाढली, तरच तो शब्द वापरावा. नुसत्या आढळासाठी ‘आढळ-वनस्पती’ म्हणता येईल.

या जातीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. जुन्या जगात, म्हणजे आशिया-आफ्रिकेकडे, माड, पोफळ, खजूर अशी ताडकुळातली झाडं हीच तिची मुख्य यजमान. 2004 मध्ये ती कॅरिबियनमधल्या मार्टिनिकला सापडली, 2007 मध्ये फ्लोरिडात, आणि तिकडे केळी, हेलिकोनिया, आल्याच्या कुळातल्या वनस्पतींवरही नोंदली गेली. ती पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, सोंड घालून रस शोषते. पानं आधी पिवळी पडतात, मग तपकिरी.

प्रश्नकर्ती : मग माझ्या यादीत ‘यजमान’ आणि ‘आढळ’ असे दोन रकाने करते. केळीसमोर प्रदेशही लिहीन.