मदत हवी आहे: वारा नसताना नदीच्या मुखावर उसळणारी लाट अंदाजात कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी. आमचं घर देवबागला, मालवण तालुक्यात, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे. बाबा आणि काका फायबरच्या लहान होडीला आऊटबोर्ड इंजिन लावून मासेमारी करतात. मी नोकरीसाठी पुण्यात असते. पहाटे चारला बाबांचा फोन येतो, मी मोबाईलवर हवामान बघून सांगते आणि मग होडी काढायची की नाही ते ठरतं. दोन वर्षं असंच चाललंय.

गेल्या एप्रिलमध्ये एका पहाटे मी सांगितलं: वारा ताशी 8 किलोमीटर, लाट 1.2 मीटर, पाऊस नाही. बाबा म्हणाले, "वारो नाय, पाणी तेलासारखा दिसता. जावन येतंव." बाहेर दिवसभर काहीच जाणवलं नाही. परतताना ओहोटी लागली होती. मुखावर वाळूचा दांडा आहे, तिथे मागून ओळीने तीन लाटा आल्या. पहिलीवर होडी चढली, दुसरीने आडवी केली, तिसरीने उलटवली. काकांचं गळ्याचं हाड मोडलं. जाळं आणि बर्फाची पेटी गेली. बाबांचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कमरेला होता, तो वाचला, आणि किनाऱ्यावरून त्यांनी पहिला फोन मला केला. म्हणाले, "तुजी काय चूक नाय गो, वारो खरोखरच नव्हतो."

मला ते पटत नाही. तो आकडा मी वाचून दाखवला होता.

1.2 मीटरची लाट होडी उलटवते कशी? त्या ॲपवर लाटेच्या उंचीखाली 'पीरियड 15 सेकंद' असंही लिहिलं होतं. मी ते कधी वाचून दाखवलंच नाही, कारण त्याचा अर्थ कळत नव्हता. समुद्राचा अंदाज वाचता येणाऱ्यांनी कृपया सांगा, पहाटेच्या त्या दोन मिनिटांत मी नक्की काय बघू?

भरतीओहोटी:
ताई, काका आता बरे असतील अशी आशा. तुमचं उत्तर त्या 15 सेकंदांतच आहे. पीरियड म्हणजे एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांमधला वेळ.

जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा आखूड असतात, दोन लाटांत पाच-सात सेकंद. 15 सेकंदांची लाट आपल्याकडची नव्हे. ती दक्षिण हिंदी महासागरात, चाळीस-पन्नास अक्षांशाच्या वादळांत जन्मते आणि सहा-सात दिवसांत कोकणात पोहोचते. तिला स्वेल म्हणतात. तिला इथल्या वाऱ्याची गरजच नसते, म्हणून पाणी तेलासारखं दिसतं.

आता हिशेब बघा. खोल पाण्यात लाटेची लांबी म्हणजे सेकंदांचा वर्ग गुणिले 1.56 मीटर. 7 सेकंदांची लाट सुमारे 76 मीटर लांब, 15 सेकंदांची सुमारे 350 मीटर. एवढ्या लांबीत 1.2 मीटरचा चढउतार होडीत बसलेल्या माणसाला कळणारच नाही. तीच लाट उथळ पाण्यात शिरली की तळ लागून तिचा वेग कमी होतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि ती उंच होऊन फुटते. त्यात ओहोटीचं पाणी समोरून येत असेल तर आणखी उभी राहते. दोन्ही गोष्टी त्या दिवशी एकत्र आल्या.

शिवाय अंदाजातली उंची ही सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून तिच्या जवळजवळ दुप्पट लाट येतेच. त्यामुळे 1.2 ऐकलं की मनात दोन मीटरच्या वरची लाट धरा.

खारवी:
केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. 2012 मध्ये युनेस्कोने हा शब्द शास्त्रीय वापरासाठी मान्य केला. 2024 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला हैदराबादच्या इन्कॉइसने, म्हणजे समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेने, असाच इशारा दिला होता. त्यांचा उंच लाटांचा आणि स्वेलचा इशारा वेगळा निघतो, तो रोज बघा. हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा मुख्यतः वारा आणि वादळ यांचा असतो. एक बघून दुसरा सोडू नका. बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्याचा, बावटा लागला तर प्रश्नच मिटला, होडी काढायची नाही, पण असल्या लाटेला बावटा लागेलच असं धरून चालू नका.

दिशेचा गोंधळही टाळा. 'नैर्ऋत्य' लिहिलं म्हणजे लाट नैर्ऋत्येकडून येते. नकाशातला बाण मात्र बहुतेक ठिकाणी ती जाते तिकडे असतो.

आणि बाबांना सांगा, परतताना मुखाबाहेर थांबून दहा मिनिटं बघा. मोठ्या लाटा झुंडीने येतात, मधे पाणी निवतं. शेवटची मोठी फुटली की तिच्या पाठीवरून आत शिरायचं, तिच्या पुढे कधीच नाही. होडी आडवी होऊ द्यायची नाही. मी स्वतः असाच शिकलो, वडिलांच्या शिव्या खात.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. काका आता हात वर करतात, जाळं मात्र अजून ओढवत नाही.

एक शंका. उंची कमी आणि सेकंद जास्त, असा आकडा दिसला तर तो सौम्य दिवस धरायचा की नाही?

भरतीओहोटी:
अजिबात नाही. लांब सेकंदांच्या लाटा वेगाने धावतात, म्हणून त्या आधी पोहोचतात, तेव्हा उंची किरकोळ असते. पुढच्या दिवसा-दोन दिवसांत उंची वाढत जाते. आदल्या दिवशीचे 8-9 सेकंद आज 16-17 झाले, तर उंची अर्धा मीटर असली तरी पुढच्या दोन दिवसांचा अंदाज उघडून बघा.

आणि बाबांनाच मोजायला लावा. किनाऱ्यावरून फुटणारी एक लाट शून्य धरायची, तिथून दहावी फुटेपर्यंत किती सेकंद लागले ते बघायचं. त्याला दहाने भागलं की झालं. ॲप चुकेल, हे चुकणार नाही.

धागाकर्ती:
आज पहाटेचं सांगते. उंची, सेकंद, दिशा आणि ओहोटीची वेळ, असं चारही लिहून ठेवलं होतं. ॲपवर 0.9 मीटर आणि 14 सेकंद. बाबांना म्हटलं, बॅटरी घेऊन मुखावर जा आणि मोजा. वीस मिनिटांनी फोन आला. मागे लाट फुटल्याचा आवाज येत होता.

"एकशे चव्वेचाळीस," बाबा म्हणाले. "आणि दांड्यार फेस दिसता. होडी काढूक नाय. काकाक पण सांगलंय, निजान रव."